एक रस्ता ओलांडायला सोळा वर्षं: चॅपल हिलच्या स्टोन सेंटरचं प्रकरण

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपल हिलला, तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या स्टुडंट युनियनमधून बाहेर पडावं, साऊथ रोड ओलांडावा आणि घंटेच्या मनोऱ्याकडे चालू लागावं. झाडीच्या कडेला एक मोठी इमारत लागते. तिचं नाव सोनिया हेन्स स्टोन सेंटर फॉर ब्लॅक कल्चर अँड हिस्टरी. रमतगमत गेलं तरी पाचेक मिनिटं पुरतात. हे केंद्र १ जुलै १९८८ रोजी युनियनमधल्या एका खोलीत सुरू झालं आणि स्वतःच्या इमारतीत गेलं ते २१ ऑगस्ट २००४ रोजी. मधला एवढासा रस्ता ओलांडायला सोळा वर्षं लागली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण स्वतंत्र इमारतीसाठी निघालेल्या १९९२ च्या मोर्चांपाशी थांबतात: पोरं लढली, प्रशासन नमलं, केंद्र मिळालं. झालं तसंच, पण प्रकरण तेवढ्यात आटोपत नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये विद्यापीठानं ‘हो’ म्हटलं, त्यानंतर इमारत उभी राहायला जवळजवळ बारा वर्षं गेली. ती का गेली, हाच मला या प्रकरणातला खरा शिकण्यासारखा भाग वाटतो. मागणी मान्य होताना दोन प्रश्न मोकळे राहिले होते: पैसा कुणाचा आणि जागा कोणती. सगळं अडलं ते या दोन प्रश्नांवर.

आत घेतलं, पण बसायचं कुठे

हे विद्यापीठ १७८९ च्या सनदेचं. १७९५ मध्ये वर्ग सुरू झाले, आणि अमेरिकेत दार उघडणारं पहिलं सरकारी विद्यापीठ असा मान ते मिरवतं. त्याच्या जुन्या इमारती उभारताना गुलाम माणसांचे हात राबले. १८२० च्या दशकात जॉर्ज मोझेस हॉर्टन नावाचा शेजारच्या चॅटम काउंटीतला गुलाम सुट्टीच्या दिवशी पायी चॅपल हिलला यायचा आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रेयसींसाठी कविता रचून विकायचा. मुलीच्या नावाची अक्षरं ओळींच्या सुरुवातीला गुंफायची. भाव पंचवीस सेंटपासून पंच्याहत्तर सेंटपर्यंत. विद्यार्थी कविता सांगायचे, तो मनात रचून तोंडी उतरवून द्यायचा, कारण बरीच वर्षं त्याला लिहिता येत नव्हतं. आवारातल्या कृष्णवर्णीय संस्कृतीचा इतिहास शोधायचा तर तो इथून सुरू होतो, आणि सुरुवातीलाच अट दिसते: कविता चालेल, कवीला प्रवेश नाही.

ही अट शंभर वर्षांनंतरही तशीच होती. १९३३ मध्ये थॉमस हॉकट यांनी औषधशास्त्राच्या प्रवेशासाठी कोर्टात दाद मागितली, ते हरले. १९३८ मध्ये पॉली मरे यांचा पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज निव्वळ वंशाच्या कारणावरून परत आला. मरे यांची पणजी स्मिथ घराण्याची गुलाम होती, पणजोबा त्याच घराण्यातला गोरा मुलगा. आणि त्या स्मिथांच्या जमिनीचा मोठा हिस्सा दानात याच विद्यापीठाला मिळालेला. म्हणजे घराण्याची मिळकत चालली, घराण्याची पणती चालली नाही.

१९५१ मध्ये कोर्टाच्या आदेशानं विधी शाखेत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. त्या शरद ऋतूत फुटबॉलचे सामने सुरू झाले तेव्हा त्यांना केनन स्टेडियममधल्या ‘रंगीत’ लोकांच्या भागाची तिकिटं देण्यात आली. वर्गात शेजारी बसा, सामन्याला वेगळे बसा! त्यांनी तिकिटं नाकारली, वाद केला, आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. पदवीपूर्व वर्गात १९५५ मध्ये डरहॅमच्या हिलसाइड हायस्कूलची तीन मुलं आली: लेरॉय आणि राल्फ फ्रेझर हे भाऊ आणि जॉन ब्रँडन. त्यांना वसतिगृहाचा एक अख्खा मजला देण्यात आला. तीन मुलं आणि एक मजला. ऐकायला चैन वाटते, पण ती विलगीकरणाची सोय होती.

हे तपशील मुद्दाम सांगितले. पुढे ‘स्वतंत्र इमारत मागणं म्हणजे वेगळं पडणं’ असा आक्षेप येणार आहे. तो ऐकताना जागा वेगळी करण्याची सवय आधी कुणाला होती, हे ध्यानात असलेलं बरं.

पहिलं ‘नाही’

नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्लॅक स्टुडंट मूव्हमेंट ही संघटना उभी राहिली. आवारात सगळे तिला बीएसएम म्हणतात. डिसेंबर १९६८ मध्ये बीएसएमनं चान्सलर कार्लाइल सिटरसन यांच्यापुढे तेवीस मागण्या ठेवल्या. (तिथला चान्सलर म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू; कारभार तोच बघतो.) कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीचा अभ्यासक्रम, प्रवेश, शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठात राबणाऱ्या कामगारांची स्थिती, असा त्यांचा पट होता. सिटरसन यांच्या उत्तराचा गाभा असा, की विद्यापीठ कुठल्याही एका वंशाला वा वर्णाला खास वागणूक देऊ शकत नाही, तसं करणं म्हणजे मागे जाणं. हे वाक्य लक्षात ठेवा. तेवीस वर्षांनी ते वेष बदलून परत येतं.

दोन महिन्यांत मागण्यांमधला कामगारांचा भाग पेटला. २३ फेब्रुवारी १९६९, रविवार. लेनॉयर हॉलच्या खानावळीत बायकांनी रोजच्यासारखं जेवण मांडलं, काउंटर लावला, दारं उघडली. विद्यार्थी रांगेत आले. आणि वाढपी बायका काउंटरमागून निघून समोरच्या टेबलांवर जाऊन बसल्या. व्यवस्थापक सांगत राहिले, त्या उठल्या नाहीत. मेरी स्मिथ आणि एलिझाबेथ ब्रुक्स या त्यांच्या पुढारी. ज्या टेबलांवर त्यांनी वर्षानुवर्षं इतरांना जेवू घातलं, त्याच टेबलांवर बसून राहणं एवढंच त्यांचं हत्यार होतं. बीएसएमच्या मुलांनी मॅनिंग हॉलमध्ये पर्यायी जेवणाची सोय केली. गव्हर्नर रॉबर्ट स्कॉट यांनी हायवे पोलीस धाडले आणि मॅनिंग हॉल रिकामा करायला लावला. शेवटी तासाला १ डॉलर ८० सेंट किमान मजुरी आणि थकलेला ओव्हरटाइम मिळाला. त्याच वर्षी आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा पाठ्यक्रमही मंजूर झाला.

केंद्राच्या गोष्टीत हा संप कशाला, असं विचाराल. कारण १९९२ च्या मागणीपत्रातही केंद्राच्या बरोबरीनं सफाई कामगारांच्या पगाराचं कलम होतं. विद्यार्थ्यांच्या मनात संस्कृती आणि मजुरी ही दोन खाती कधीच नव्हती.

स्टोन बाई

सत्तरच्या दशकात दक्षिण आवारातल्या चेस हॉलमध्ये बीएसएमला एक खोली मिळाली. तिचं नाव उपेंडो, स्वाहिलीत ‘प्रेम’. बहुतेक कृष्णवर्णीय विद्यार्थी तेव्हा दक्षिण आवारातल्या उंच वसतिगृहांत राहायचे, त्यामुळे उपेंडो त्यांच्या घराजवळच होती. वर्ग मात्र उत्तरेला. दिवसभर उत्तरेला परक्यासारखं वावरायचं आणि संध्याकाळी दक्षिणेला आपल्या माणसांत यायचं, असा तो दिनक्रम.

१९७४ मध्ये सोनिया हेन्स स्टोन त्या आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या पाठ्यक्रमाच्या संचालक म्हणून आल्या. बीएसएमच्याही त्या सल्लागार झाल्या. शिकवण्यात कडक आणि मुलांसाठी हक्काची बाई, अशी त्यांची ख्याती होती. १९७९ मध्ये त्यांना टेन्युअर, म्हणजे प्राध्यापकाची कायम नेमणूक, नाकारण्यात आली. विद्यार्थी रस्त्यावर आले, अपिलं झाली, आणि पुढच्या वर्षी निर्णय फिरला. विद्यापीठानं ज्यांना जवळजवळ घालवलंच होतं, त्यांच्या नावाची पाटी आज त्याच विद्यापीठाच्या इमारतीवर आहे. असं होतं खरं. पण त्याआधी बाईंना हे जग सोडून जावं लागलं.

आवारात केंद्र हवं या आग्रहामागे स्टोन बाई होत्याच. १९८८ मध्ये ते सुरू झालं तेव्हा ‘तात्पुरतं’ या शब्दासकट सुरू झालं. जागा युनियनमधली, पूर्वी स्नॅक बार असलेली. मार्गो क्रॉफर्ड या संचालक. व्याख्यान ठेवलं की खुर्च्या पुरायच्या नाहीत, प्रदर्शन ठेवलं की व्याख्यानाला जागा उरायची नाही. सरकारी कागदावरचं ‘तात्पुरतं’ किती टिकाऊ असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

१० ऑगस्ट १९९१ रोजी स्टोन बाई अचानक गेल्या. वय अवघं त्रेपन्नच्या आसपास. मुलांनी केंद्राला त्यांचं नाव द्यायला लावलं, आणि मग प्रश्नच बदलला. आतापर्यंत ‘खोली लहान पडते’ अशी तक्रार होती. आता स्टोन बाईंचं नाव एका जुन्या स्नॅक बारच्या दारावर होतं, आणि ते मुलांना सहन होईना.

१९९२

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे लॉस एंजेलिसचे पोलीस निर्दोष सुटले आणि ते शहर पेटलं. चॅपल हिलला त्याचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसला. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या चार खेळाडूंनी, टिम स्मिथ, जॉन ब्रॅडली, जिमी हिचकॉक आणि माल्कम मार्शल यांनी, ब्लॅक अवेअरनेस कौन्सिल काढली. ही घटना साधी नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत विद्यापीठ आणि खेळ हे नातं पैशाचं आणि अस्मितेचं. शनिवारी स्टेडियम भरतं ते ज्यांच्या जिवावर, ती मुलं आता मागणीपत्र घेऊन उभी होती. बीएसएमच्या मोर्चाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना हे चेहरे ओळखीचे होते.

मागण्या तीन: केंद्रासाठी स्वतंत्र इमारत, स्टोन बाईंच्या नावे अध्यासन आणि सफाई कामगारांना न्याय. कळीचा शब्द इंग्रजीतला ‘फ्री-स्टँडिंग’. स्वतःच्या पायावर उभी, कुणाच्या भिंतीला टेकलेली नसलेली. युनियनमधली जागा वाढवून देऊ, असं प्रशासन म्हणत होतं. मुलं म्हणत होती, दार आमचं हवं.

चान्सलर होते पॉल हार्डिन. त्यांचं म्हणणं मराठीत सांगायचं तर: चावडी हवी, गढी नको. वंशांना वेगळं करणाऱ्या कायद्यांशी लढण्यात आयुष्य गेलेल्या पिढीतल्या उदारमतवादी माणसाला वेगळ्या इमारतीची मागणी खटकावी, यात नवल नाही. त्यांच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. पण सिटरसन यांचं १९६९ चं वाक्य आठवा. तेवीस वर्षांत सूर मवाळ झाला होता, युक्तिवाद तोच होता. आणि तो युक्तिवाद ज्या आवारात केला जात होता, त्या आवारात मुख्य हिरवळीवर सॉन्डर्स हॉल उभा होता, कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीच्या एका म्होरक्याच्या नावानं. उत्तरेच्या हिरवळीवर बंदूकधारी कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतल्या शिपायाचा, पुतळा होता. १९१३ मध्ये त्या पुतळ्याच्या अनावरणाला ज्युलियन कार या उद्योगपतीनं एका कृष्णवर्णीय बाईला आपण याच जागेपासून शंभर यार्डांवर चाबकानं कसं फोडून काढलं, ते अभिमानानं सांगितलं होतं. एका वंशाची खास जागा हे विद्यापीठाला नवीन नव्हतं. ती जागा इतकी जुनी झाली होती, की कुणाच्या डोळ्यांवर येईनाशी झाली होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री शेकडो मुलं हार्डिन यांच्या निवासस्थानी धडकली. १० सप्टेंबरला साऊथ बिल्डिंगवर, म्हणजे प्रशासनाच्या मुख्य इमारतीवर, मोर्चा गेला आणि पत्र देण्यात आलं: १३ नोव्हेंबरपर्यंत निर्णय करा, नाहीतर पुढचं पाऊल आम्ही उचलू. देशभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. १८ सप्टेंबरला चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली आला. सभा डीन स्मिथ सेंटरमध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या मंदिरातच, गर्दी हजारोंची. खेळाडूंच्या हातात किती ताकद आहे, हा त्याच्या बोलण्याचा रोख. मैदानावर उतरणारी मुलं उतरली नाहीत तर काय, एवढा प्रश्न हवेत राहिला तरी पुरेसा होता.

हार्डिन यांनी प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराचे प्रमुख, रिचर्ड मॅककॉर्मिक यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला. आंदोलनातल्या मुलांनी त्यात बसायला नकार दिला. हा निर्णय मला दुहेरी वाटतो. गटात गेले असते तर मागणीचे तुकडे झाले असते, हा त्यांचा अंदाज बरोबर होता. पण बाहेर राहिल्यामुळे ‘स्वतंत्र इमारत’ या दोन शब्दांखाली नेमकं काय लिहिलं जातंय, त्यावर त्यांचा हात राहिला नाही. गटानं ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र इमारतीच्या बाजूनं शिफारस केली. हार्डिन यांनी ती मानली. त्यांनी मत बदललं आणि ते उघडपणे सांगितलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. खुर्चीवरची किती माणसं असं करतात?

जल्लोष झाला. आणि मग खरी अडचण सुरू झाली.

जागा

मुलांना आणि केंद्राच्या सल्लागार मंडळाला हवी होती विल्सन ग्रंथालय आणि डे हॉल यांच्यामधली जागा. नकाशात बघितलं की कारण कळतं. पोक प्लेस ही आवाराची मधली मोठी हिरवळ. एका टोकाला साऊथ बिल्डिंग, दुसऱ्या टोकाला विल्सन. विद्यापीठाचा फोटो म्हणून छापतात तो तिथला. तिथे इमारत म्हणजे विद्यापीठाच्या चेहऱ्यावर कृष्णवर्णीय इतिहासाला जागा.

विश्वस्त मंडळाचा कल होता कोकर वुड्सकडे: साऊथ रोडच्या पलीकडे, घंटेच्या मनोऱ्याजवळ, झाडीत. अंतर मोजलं तर ढेंगभर, पण रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे यात सगळं होतं. अलीकडे आलात तर घरात आलात, पलीकडे म्हणजे अंगणात. १९९३ च्या वसंतात मुलांनी साऊथ बिल्डिंगमध्ये ठिय्या दिला. एप्रिलच्या मध्यावर पोलिसांनी डझनाहून अधिक विद्यार्थ्यांना अटक केली. जुलैमध्ये, मुलं सुट्टीला घरी गेलेली असताना, विश्वस्तांनी कोकर वुड्सवर शिक्कामोर्तब केलं.

जुलैची बैठक हा योगायोग असेलही. पण विद्यापीठाच्या घड्याळात आणि विद्यार्थ्याच्या घड्याळात हा फरक कायमचा आहे. विद्यार्थ्याचं आयुष्य चार वर्षांचं. त्यातलं पहिलं वाट सापडण्यात आणि शेवटचं नोकरी शोधण्यात जातं. संस्थेला वाट पाहण्याचं काही मोल द्यावं लागत नाही. १९९२ च्या मोर्चात अठरा वर्षांची असलेली मुलगी इमारतीच्या उद्घाटनाला तिशीची झाली होती. मधे तिच्यामागून तीन पिढ्या पदव्या घेऊन गेल्या. त्यांच्यात मागणी जिवंत राहिली, याचं मोठं कारण मला ‘स्टोन’ हे नाव वाटतं. बाईंकडे कधी न शिकलेल्या मुलांनाही त्या नावामुळे गोष्ट सांगता येत होती. मागणीपत्रं विसरली जातात, माणसाची गोष्ट राहते. आणि हो, बीएसएम होतीच. दर वर्षी नवे पदाधिकारी, तोच फलक.

त्याच १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठानं द्विशताब्दी साजरी केली. केनन स्टेडियममध्ये अध्यक्ष क्लिंटन यांचं भाषण झालं. चार दशकांपूर्वी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वेगळं बसवायला निघालेलं स्टेडियम तेच.

पैसा

दुसरी अट अशी, की इमारत मुख्यतः देणग्यांतून उभारायची. वरवर पाहता गैर काही नाही. अमेरिकी विद्यापीठं देणग्यांवरच उभी आहेत. पण देणगी म्हणजे देणाऱ्याची मर्जी, आणि आंदोलनातून जन्मलेल्या, वर्तमानपत्रांत ‘वादग्रस्त’ ठरलेल्या इमारतीला हात पुढे करायला कंपन्या बिचकतात. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांची पहिली भरघोस तुकडीही अजून चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे होती. श्रीमंत माजी विद्यार्थ्यांची परंपरा घडायला आधी आजोबा विद्यार्थी असावे लागतात! बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याच विद्यापीठाचा. त्यानं १९९६ मध्ये इथल्या सोशल वर्क शाखेला कुटुंबविषयक संस्थेसाठी दहा लाख डॉलर दिले. चांगलंच काम ते. पण त्यातून एवढं दिसतं, की आवारात टाळ्या कुणासाठी वाजतात आणि धनादेश कुठे जातो, याचा मेळ बसवणं आंदोलकांच्या हातात नसतं.

नोव्हेंबर २००० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदारांनी विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजांच्या बांधकामासाठी ३१० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. राज्यभर क्रेन उभ्या राहिल्या. स्टोन सेंटरची पहिली कुदळ पडली ती एप्रिल २००१ मध्ये, आणि ती मुख्यतः देणग्यांच्या पैशावर. एकूण खर्च सुमारे ९० लाख डॉलर. ३१० कोटी आणि ९० लाख हे आकडे शेजारी ठेवले, की ‘पैशाअभावी उशीर’ या कारणाचं वजन कळतं. पैसा नव्हता असं नाही. हे सार्वजनिक पैशाचं काम आहे असं ठरवलं गेलं नव्हतं.

तोवर हार्डिन निवृत्त होऊन गेले होते. त्यांच्यामागून आलेले मायकेल हूकर १९९९ मध्ये पदावर असतानाच वारले. उद्घाटन झालं ते जेम्स मोझर यांच्या कारकिर्दीत. सफाई कामगारांचा प्रश्न मधेच, १९९६ मध्ये, कोर्टबाजीनंतर तडजोडीनं सुटला. म्हणजे मागणीपत्रातलं जे कलम लोकांना सगळ्यात अवघड वाटलं असतं, ते इमारतीच्या आठ वर्षं आधी मार्गी लागलं.

आत काय आहे

सुमारे ४४,५०० चौरस फुटांची इमारत. रॉबर्ट आणि सॅली ब्राउन यांच्या नावाचं कलादालन, आफ्रिकी आणि आफ्रिकी मुळाच्या लोकांविषयीचं ग्रंथालय, साडेतीनशेच्या आसपास खुर्च्यांचं नाट्यगृह, वर्गखोल्या. वर्गखोल्या ही माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. कुठल्याही विषयाचा तास इथे लागू शकतो. त्यामुळे ज्याला केंद्राशी देणंघेणं नाही असा मुलगाही रसायनशास्त्राच्या वहीसकट दालनासमोरून जातो. हार्डिन यांना हवी होती ती चावडी अशी झाली, स्वतःच्या दारासकट. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच इमारतीत बसू शकत होतं, हे कळायला ती बांधावी लागली.

जोसेफ जॉर्डन यांनी संचालक म्हणून केंद्राला संशोधनाकडे आणि अमेरिकेबाहेर नेलं: कॅरिबियन, ब्राझील, आफ्रिका, डायस्पोरा (जगभर पांगलेल्या आफ्रिकी मुळाच्या लोकांचा) चित्रपट महोत्सव, परदेशी अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना फेलोशिप, ‘साउती म्पिया’ हे विद्यार्थ्यांचं साहित्यिक नियतकालिक. त्या नावाचा अर्थ स्वाहिलीत ‘नवा आवाज’. यात काहीतरी हातचं सुटलंही. सोफ्यावर पाय वर घेऊन पत्ते कुटायची उपेंडो आणि वेळापत्रक लावलेलं कलादालन यांत फरक आहे. संस्था झाली की बैठकीची खोली जाते. ही तक्रार कुणी जाहीर मोर्चात करत नाही, पण खोलीतून इमारतीत गेलेल्या कुठल्याही मंडळाच्या माणसाला ती ओळखीची वाटेल.

त्यानंतर

हे प्रकरण २००४ ला बंद करता येत नाही. २००५ मध्ये उत्तरेच्या हिरवळीवर, त्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर, २००२ च्या तुकडीनं भेट दिलेलं स्मारक आलं: काळ्या ग्रॅनाइटचं गोल टेबल, आणि ते डोक्यावर पेलणाऱ्या तीनशे छोट्या ब्राँझ मूर्ती. विद्यापीठ उभारणाऱ्या अनाम गुलाम आणि मुक्त माणसांसाठी. मूर्ती गुडघ्याच्याही खाली येतात, त्यामुळे बघायला वाकावं लागतं. न वाकणारे त्यावर डबा ठेवून जेवतात. सॉन्डर्स हॉलचं नाव २०१५ मध्ये गेलं. मुलांना तिथे कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टनचं नाव हवं होतं, मिळालं ‘कॅरोलायना हॉल’. शिवाय विश्वस्तांनी पुढची सोळा वर्षं कुठलंच नाव बदलायचं नाही असाही ठराव केला. पुन्हा सोळा! तो ठराव २०२० मध्ये उठला. त्याआधी, २० ऑगस्ट २०१८ च्या रात्री, पुतळा आंदोलकांनीच दोर लावून पाडला होता.

२०२१ मध्ये कृष्णवर्णीय पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांच्या नेमणुकीत विश्वस्तांनी टेन्युअरचा विषय रोखून धरला. गदारोळानंतर ३० जूनला ९ विरुद्ध ४ मतांनी तो दिला. त्या आल्या नाहीत, कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. स्टोन बाई १९८० मध्ये थांबल्या होत्या. १९७९ पासूनच्या बेचाळीस वर्षांत नाकारणाऱ्यांची पद्धत बदलली नव्हती. जिला नाकारलं तिच्यापुढचे पर्याय वाढले होते.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली. त्या खटल्यात हार्वर्डच्या बरोबरीनं हे विद्यापीठही प्रतिवादी होतं. पुढच्या वर्षी नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर आलं. मे २०२४ मध्ये राज्याच्या विद्यापीठांच्या नियामक मंडळानं विविधता आणि समावेशाचं आपलं धोरणच रद्द केलं. रॅली-डरहॅमच्या पट्ट्यात, कॅरी-मॉरिसव्हिलमध्ये, बरीच मराठी घरं आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या यादीत चॅपल हिल वरच असतं. या निकालावर जेवणाच्या टेबलाशी वाद झाले ते त्याही घरांत. खटला लढणाऱ्यांनी आशियाई विद्यार्थ्यांवरच्या अन्यायाचं नाव पुढे केलं होतं, तेव्हा ते साहजिकच.

जागेच्या वादाचा एक तपशील राहिला. पहिल्या वर्षाची बरीच मुलं आजही दक्षिण आवारातल्या वसतिगृहांत राहतात. सकाळी आठच्या तासाला ती चढण चढून स्टेडियमच्या कडेनं, घंटेच्या मनोऱ्यापाशी येतात आणि तिथून साऊथ रोड ओलांडून उत्तरेला जातात. विल्सनशेजारी इमारत झाली असती तर ती पाहुण्यांच्या फोटोत आली असती. कोकर वुड्समध्ये झाली म्हणून ती या मुलांच्या रोजच्या वाटेवर आली. १९९३ च्या जुलैत हात वर करणाऱ्या विश्वस्तांनी हा विचार केला असेल, असं मला तरी वाटत नाही.